जेलनं चित्रं, जुने कागद साफ करताना या चुका टाळा

जेल म्हणजे पाणी किंवा द्रावक (मळ विरघळवणारा द्रव) धरून ठेवणारा जेलीसारखा पदार्थ. जेल स्वतः काहीच साफ करत नाही. साफ करतं ते त्यात धरून ठेवलेलं पाणी किंवा द्रावक. कापसाच्या बोळ्यानं पाणी लावलं की ते कागदात, रंगाच्या भेगांत कुठवर मुरेल यावर आपला ताबा राहत नाही. जेल ते थोडं थोडं सोडतं आणि सुटलेला मळ स्वतःत ओढून घेतं, एवढंच. बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

पहिली चूक म्हणजे ‘जेल आहे ना, मग काही होत नाही’ असं म्हणून चाचणी टाळणं. पाण्यानं विरघळणारा रंग जेलमधल्या पाण्यानंही विरघळतो. अजिंठ्याचंच बघा. तिथली चित्रं वाळलेल्या मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत, त्यामुळे ओल त्यांना मानवत नाही. त्यावर 1920 च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांनी लावलेलं शेलॅक (लाखेचं वॉर्निश) पुढे पिवळं पडलं. शेलॅक सुटतं अल्कोहोलसारख्या द्रावकात, साध्या पाण्यात नाही. आधी मळ कशाचा, खालचा थर कशाचा, हे एका कोपऱ्यात, मोहरीएवढ्या जागेवर तपासा. मगच जेल निवडा.

मला सगळ्यात महागात पडली ती कडेची रेघ. एका जुन्या शिळाछापाच्या समासावर डाग होता. मी अगारच्या (समुद्री शेवाळापासून बनणाऱ्या) जेलचा तुकडा बरोब्बर डागाएवढाच कापला आणि तासभर ठेवला. उचलला तेव्हा तुकडा चहासारखा पिवळा झालेला, कागद स्वच्छ. सकाळी पाहिलं तर डागाभोवती तपकिरी रेघ! ओला आणि कोरडा भाग जिथे भेटतात तिथे कागदातला विरघळलेला पिवळेपणा साचतो. आता मी कागद सोसणारा असेल तर पूर्ण पानभर जेल ठेवते. कागदासाठी साधारण 2 टक्के जेलन गम (जेल बनवणारी एक पूड), त्यात जेल घट्ट बसायला थोडं कॅल्शियम अ‍ॅसिटेट. पानभर जमत नसेल तर जेल जास्त घट्ट करायचं, मिनिटं कमी करायची आणि दर थोड्या वेळानं कड उचलून बघायची.

साफ झालेल्या भागात मध्येच मळकट ठिपके राहिले तर खाली हवा अडकली होती असं समजा. जेलचा तुकडा एका बाजूनं हळूहळू टेकवत आणा. जाड, खडबडीत रंगावर ताठ तुकडा बसतच नाही. व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहातली अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकची चित्रं साफ करताना फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं लवचीक जेल वापरलं, ते याचसाठी.

मऊ, लोण्यासारख्या जेलमध्ये उरलेल्या अंशाची भीती जास्त. चित्रसंवर्धक रिचर्ड वोल्बर्स यांनी रुळवलेल्या द्रावक-जेलांचे अंश मागे राहतात का, यावर अमेरिकेतल्या गेटी या कलासंवर्धन संस्थेनं बरंच संशोधन केलं. असं जेल आधी कोरड्या बोळ्यानं उचला, मग योग्य द्रावकानं पुसा. कुठलंही जेल चित्रावर वाळू देऊ नका.

आणि स्वयंपाकघरातलं चायना ग्रास नको. तेही अगारच, पण त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. शुद्ध अगार आणि डिस्टिल्ड पाणीच घ्या. प्रयोगशाळेत बुरशी वाढवतात ती अगारवरच, हे आपल्या पावसाळी हवेत तर कायम ध्यानात ठेवा. त्यामुळे वापरलेला तुकडा पुन्हा लावू नका. उरलेलं ताजं जेल झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि वास आला किंवा ठिपका दिसला की सरळ टाकून द्या.