नुसता हॉल की सगळ्यासकट पॅकेज? आधी माणसं मोजा

लग्नाच्या जागेची दोन कोटेशनं शेजारी ठेवली की घोळ सुरू होतो. एकावर नुसत्या हॉलचं भाडं असतं. दुसऱ्यावर जेवण, सजावट, खुर्च्या, वाढपी, साउंड असं सगळं धरून माणशी दर असतो. पहिला आकडा हलका वाटतो, दुसरा पाहून पोटात गोळा येतो. पण भाड्यापासून खर्चाला सुरुवात होते आणि माणशी दरापाशी तो बराचसा संपतो. हे दोन आकडे थेट एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. दोन्ही एकाच पातळीवर आणायचे तर आधी पाहुण्यांचा आकडा लागतो, हॉल बघायची पाळी त्यानंतर.

एक नाही, तीन आकडे

पाहुण्यांची यादी घरटी करा आणि प्रत्येक घरापुढे खूण करा: नक्की येणार, येतील बहुधा, नुसतं कळवायचं. फक्त ‘नक्की’वाल्यांची बेरीज हा तुमचा खालचा आकडा. त्यात ‘बहुधा’वाल्यांपैकी निम्मे मिळवले की मधला, आणि सगळे मिळवले की वरचा. मुलं वेगळी मोजा, कारण बऱ्याच ठिकाणी ठरावीक वयाखालच्या मुलांचा दर कमी असतो. फोटोग्राफर, ड्रायव्हर, सजावटीची माणसं हेही जेवणार आहेत. यादीत नसलेली ही पंधरा-वीस ताटं बिलात मात्र नेमाने येतात.

हिशेब असा मांडा

पॅकेजवाला दर सांगतो त्याच दमात ‘मिनिमम गॅरंटी’ही सांगतो. ३०० ची गॅरंटी म्हणजे २२० माणसं आली तरी पैसे ३०० जणांचे. सगळा खेळ या एका अटीत आहे.

समजा पॅकेजचा माणशी दर १०० एकक आहे आणि गॅरंटी ३०० ची. दुसरीकडे नुसत्या हॉलचं भाडं, सजावट, लाइट, साउंड, खुर्च्या, सफाई असा पाहुण्यांच्या संख्येवर न हलणारा खर्च १५,००० एकक, आणि जेवण-वाढप माणशी ५५ एकक.

२२० माणसं आली तर पॅकेजला ३०,००० पडतील, नुसत्या हॉलला २७,१००. ३०० आली तर पॅकेजला तेच ३०,०००, हॉलला ३१,५००. आणि ४०० आली तर पॅकेज ४०,००० आणि हॉल ३७,०००. म्हणजे या उदाहरणात पॅकेज स्वस्त पडतं ते साधारण २७३ ते ३३३ माणसांच्या पट्ट्यातच. त्याखाली तुम्ही रिकाम्या खुर्च्यांचे पैसे भरता. त्यावर गेलात की स्टेज एकच आणि साउंडही तोच असूनसुद्धा प्रत्येक जादा माणसामागे त्यांच्या खर्चाचा वाटा पुन्हा दिला जातो.

आकडे तुमच्या कोटेशनमधले घाला, रीत हीच ठेवा. तुमचे तिन्ही आकडे त्या पट्ट्यात बसत असतील तर पॅकेज डोळे झाकून नाही, पण निर्धास्त घ्या. खालचा आकडा गॅरंटीच्या बराच खाली जात असेल तर दर कमी करून मागण्यापेक्षा गॅरंटी कमी करून मागा. पॅकेजवाले दरावर सहसा लवकर हलत नाहीत, मात्र कमी मागणीच्या तारखेला गॅरंटीवर हलतात. वरचा आकडा बराच पुढे जात असेल तर गॅरंटीवरच्या ताटांसाठी वेगळा, कमी दर लिहून घ्या. त्यासाठी घासाघीस करायला लाजू नका. दोन्ही बाजूंना कर आणि सेवाशुल्क धरूनच बेरीज करा. ‘कर वेगळा’ हे दोन शब्द कोटेशनच्या तळाशी, बारीक अक्षरात असतात.

नुसत्या हॉलच्या भाड्यात काय नसतं

विजेचं बिल मीटरनुसार वेगळं, सफाई वेगळी, अनामत वेगळी. काही ठिकाणी बाहेरचा केटरर आणला तर त्याचंही शुल्क. भांडी, गॅस, पिण्याचं पाणी, उष्टी ताटं धुवायची जागा आणि उरलेला कचरा उचलणं ही कामं कोणाकडे, हे केटररला आणि हॉलवाल्याला समोरासमोर विचारा. दोघांना वेगवेगळं विचारलंत तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. हे सगळं धरून झालं की बेरजेत १० टक्के आणखी मिळवा. सुट्या सुट्या गोष्टी जमवताना काहीतरी राहतंच आणि ऐन वेळी घेतलेली वस्तू महागच पडते.

पैशाखेरीज दुसरा खर्च आहे तो माणसाचा. नुसता हॉल घेतला की पाच-सहा कंत्राटदार एकाच दिवशी एकाच दारातून आत येतात. त्यांची वेळापत्रकं जुळवायला घरातलं पण लग्नविधीत न अडकलेलं एक माणूस दिवसभर हवं. असं माणूस नसेल तर एखाद्या संयोजकाचे पैसे हॉलच्या बाजूला मिळवूनच तुलना करा.

हॉलचा ताबा किती वाजता मिळणार आणि किती वाजता सोडायचा? आदल्या रात्री दुसरा कार्यक्रम असेल तर सजावटीला उरतात ते मोजके तास. सजावटवाल्याला किती वेळ लागतो ते त्यालाच विचारा आणि त्यात एक तास जास्त धरा. सामानाची गाडी कुठवर येते, लिफ्टमध्ये स्टेजचे भाग मावतात का, हेही त्याला प्रत्यक्ष दाखवून घ्या.

पॅकेजमध्ये ‘सगळं’ म्हणजे काय

‘सजावट समाविष्ट’ या शब्दांना काडीचाही अर्थ नाही. स्टेज किती फूट, फुलं ताजी की कापडी, प्रवेशद्वाराची सजावट धरली आहे का, हे फोटोसह लिहून घ्या. मेनूत पदार्थांची संख्या असते, नावं नसतात. नावं घाला. चव पाहायची तर खास तुमच्यासाठी बनवलेल्या चार वाट्यांपेक्षा, त्यांच्या एखाद्या मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी थोडं चाखायला मागा. दहा जणांचं जेवण कोणीही चांगलं करतं.

‘जनरेटर आहे’ यावरही थांबू नका. बऱ्याचदा तो दिव्यांपुरता असतो आणि एसी त्यावर चालत नाहीत. क्षमता केव्हीएमध्ये सांगतात. तिला ०.८ ने गुणलं की साधारण किलोवॅट मिळतात, म्हणजे १२५ केव्हीए म्हणजे सुमारे १०० किलोवॅट. हॉलचा एकूण भार विचारा आणि ताडून पाहा. डिझेल दरात धरलं आहे की तासाप्रमाणे वेगळं, हा पुढचा प्रश्न.

आणि ताटांची मोजणी. बुफेमध्ये एखाद्याने दुसऱ्यांदा नवी प्लेट घेतली की मोजणीत ती दोन माणसं होतात. म्हणून मोजणी माणसांची की प्लेटांची, हे करारात हवं. प्लेटांची असेल तर जेवण सुरू होण्याआधी स्वच्छ प्लेटा दोन्ही बाजूंच्या माणसांनी मोजून सही करायची, शेवटी उरलेल्या मोजायच्या, आणि दुसऱ्या प्लेटांसाठी काही टक्के सूट आधीच ठरवायची.

जागा खरंच पुरते का

हॉलवाले सांगतात ती क्षमता बहुधा रांगेत खुर्च्या लावून काढलेली असते. रांगेत माणशी ६ ते ८ चौरस फूट पुरतात, गोल टेबलांना १२ ते १५ लागतात. ५ फुटी गोल टेबलावर ८ जण, ६ फुटीवर १० जण नीट बसतात. स्टेज, बुफे आणि येण्याजाण्याचा रस्ता वजा करून उरलेल्या जागेला भाग द्या. टेप घेऊन जा, पावलांनी अंदाज नको. बुफेचं टेबल दोन्ही बाजूंनी मोकळं असेल तर साधारण १०० माणसांमागे एक धरा. भिंतीला चिकटवलं की रांग दुप्पट होते. जागा उघड्यावर असेल तर पाऊस आल्यावर कार्यक्रम कुठे हलवणार ते बघा. ‘बघू तेव्हा’ असं उत्तर आलं तर ती जागा सोडा.

सही करण्याआधी

करारात हॉलचं नाव, मजला, तारीख आणि ताब्याचे तास स्पष्ट हवेत. एकाच मालकाचे तीन हॉल असले की ‘ऐन वेळी दुसरा देऊ’ हे कलम हमखास असतं, ते खोडून घ्या. पाहुण्यांचा अंतिम आकडा किती दिवस आधी द्यायचा, तारीख बदलली तर काय, रद्द झालं तर कोणत्या टप्प्यावर किती पैसे परत, आणि त्यांनीच रद्द केलं तर काय, ही चार उत्तरं लेखी घ्या. चौथं सहसा कोरंच असतं. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि जमलं तर दहाएक टक्के कार्यक्रमानंतरच्या हिशेबासाठी राखून ठेवा.

अनामतीसाठी ताबा घेताना आणि सोडताना हॉलचा व्हिडिओ काढा: आधीपासून फुटलेल्या फरशा, भिंतीवरचे डाग, वाकलेल्या खुर्च्या, सगळं. विजेच्या मीटरचा आकडाही दोन्ही वेळा फोटोत घ्या, त्यांच्या माणसाला शेजारी उभं करून.