बायबलचा एकच छोटा उतारा घेऊन महिनाभर कसं बसायचं

वर्षात अख्खं बायबल वाचून संपवायचा तक्ता बऱ्याच घरांत फ्रीजवर लावलेला असतो, आणि तो चांगलाच आहे, मी स्वतः दोनदा पूर्ण केलाय, पण रोजचे तीन-चार अध्याय वाचताना एखादं वचन काळजाला हात घालतं आणि तरी पुढे जावं लागतं, कारण आजची टिक राहिलेली असते. म्हणून आता आम्ही शरणपूर रोडला पाच-सहा जण गुरुवारी संध्याकाळी जमतो ते फक्त आठ-दहा वचनं घेऊन, आणि महिनाभर तिथेच थांबतो. कसं करतो ते सांगते. उदाहरणाला योहानाच्या शुभवर्तमानातला अध्याय 15, वचन 1 ते 8 घेते, द्राक्षवेलाचा उतारा, ज्यात येशू स्वतःला वेल, पित्याला माळी आणि शिष्यांना फाटे म्हणतो, नाशिकमध्ये राहून दुसरा कुठला घेणार.

पहिला आठवडा अर्थ काढायचाच नाही. उतारा वहीत हाताने उतरवून घ्यायचा, एक ओळ सोडून एक, मोबाईलवरून कॉपी-पेस्ट नको, कारण हात हळू चालतो म्हणून डोळापण थांबतो. मग रोज एकदा मोठ्याने वाचायचं, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत असल्या तरी. आणि पेन्सिलने परत परत येणारे शब्द गोल करायचे. मूळ ग्रीकमध्ये 'राहणे' हे क्रियापद या आठ वचनांत 7 वेळा आलंय आणि 'फळ' 6 वेळा. मोजेपर्यंत मला वाटायचं की हा उतारा आपल्याला फळ द्यायला सांगतो, पण बघा, 'फळ द्या' अशी आज्ञा इथे एकदाही नाही, सांगितलंय ते 'माझ्यामध्ये राहा'. मला त्या दिवशी खरंच रडू आलं, इतकी वर्षं मी उलटं धरून बसले होते. आणि आमच्यातल्या एक मावशी, ज्या सहसा गप्पच बसतात, तिसऱ्या गुरुवारी म्हणाल्या, "अगं, आधी नुसतं फळ आहे, मग अधिक फळ आणि मग पुष्कळ फळ." आम्ही सगळ्यांनी वह्या उघडल्या. बरोबर होतं त्यांचं.

दुसरं म्हणजे उताऱ्याच्या आधी-मागे काय चाललंय ते वाचा. अध्याय पाडले 13 व्या शतकात आणि नव्या करारातल्या वचनांना आजचे आकडे पडले 1551 मध्ये, म्हणजे 15 हा आकडा योहानाने घातलेला नाही, त्यामुळे तिथे नवीन प्रवचन सुरू होतं असं समजू नका. 13 पासून सलग वाचलं की कळतं, शेवटचं भोजन आहे, येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा उठून गेलाय आणि तिथे लिहिलंय की तेव्हा रात्र होती, मग 14 च्या शेवटी 'उठा, आपण येथून जाऊ', आणि लगेच हा वेल. येशूच्या अटकेला काही तासच उरलेत. आता 'फळ न देणारा फाटा तो काढून टाकतो' हे उरलेल्या अकरा शिष्यांच्या कानांनी ऐका, नुकतीच एक जागा रिकामी झालेली असताना.

तिसऱ्या आठवड्यात शब्द, पण एक किंवा दोनच, सगळे खणायला बसलात तर दमाल. आमच्या नेहमीच्या भाषांतरात वचन 2 मध्ये माळी फाट्याला 'साफसूफ करतो' असं आहे आणि वचन 3 मध्ये 'तुम्ही शुद्ध झालाच आहात', मराठीत हे दोन वेगळे शब्द वाटतात पण ग्रीकमध्ये 'काथाइरेइ' आणि 'काथारोइ', मूळ एकच. म्हणजे छाटणी आणि शुद्धी एकच गोष्ट आहे, आणि ती वचनाने होते. ग्रीक यायची गरज नाही, मूळ शब्द दाखवणारी फुकट ॲप्स आहेत, शिवाय पंडिता रमाबाईंचं भाषांतर मिळालं तर शेजारी ठेवा, त्यांनी मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलंय आणि ते 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी छापून झालं. दोन भाषांतरं जिथे वेगळी बोलतात तिथेच थांबून शोधायचं.

पण शब्दाच्या नादाने वाहून जाऊ नका. 'काढून टाकतो'साठीचा ग्रीक शब्द 'उचलणे' असाही होतो, म्हणून काही जण सांगतात की माळी पडलेला फाटा उचलून वर बांधतो. ऐकायला फार गोड वाटतं. पण योहान हाच शब्द 1:29 मध्ये (म्हणजे अध्याय 1, वचन 29) पाप हरण करण्यासाठी वापरतो आणि 11:39 मध्ये कबरेवरची धोंड काढण्यासाठी, आणि इथे वचन 6 मध्ये फाटा सुकून अग्नीत जातो, म्हणून मला तरी 'काढून टाकतो'च पटतं. शब्दकोशात अर्थ सापडला म्हणून तो इथे बसलाच असं नसतं, तोच लेखक तो शब्द दुसरीकडे कसा वापरतो ते आधी बघायचं.

मग जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग. स्तोत्र 80 मध्ये देवाने मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, आणून लावलेला द्राक्षवेल म्हणजे इस्राएल, यशया 5 मध्ये त्याच मळ्याला आंबट द्राक्षं येतात, म्हणून येशू 'मीच खरा द्राक्षवेल' म्हणतो तेव्हा त्या 'खरा'ला वजन आहे. यहेज्केल 15 तर नक्की वाचा, तिथे म्हटलंय की वेलाच्या लाकडाची भांडं अडकवायला साधी खुंटीपण होत नाही, ते फक्त जळणाला. हे आम्ही वाचलं त्या ऑक्टोबरमध्ये दिंडोरीकडचे एक काका, आमच्यातलेच, बागेतून नुकती छाटलेली काडी घेऊन आले आणि टेबलावर ठेवली, कापलेलं टोक अजून ओलं होतं. म्हणाले, "जी काडी वांझ आहे ती काढायला डोकं लागत नाही, डोकं लागतं ते चांगल्या काडीवर किती डोळे ठेवायचे याला." डोळे म्हणजे जिथून नवी फूट येते त्या जागा. पुढच्या गुरुवारी तीच काडी हातात घेतली तर पानं कुरकुरीत झालेली. वचन 6 वर त्या दिवशी कोणाला बोलावंच लागलं नाही.

तरी एक सांभाळा, आपली बाग उताऱ्यावर लादू नका. एप्रिलची खरडछाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी ही आपल्याकडची पद्धत आहे, येशूच्या देशात वेल थंडीत झोपलेला असतो तेव्हा मुख्य छाटणी होते, म्हणून 'दोन छाटण्या म्हणजे दोन संकटं' असा अर्थ कोणी काढला तर त्याला प्रेमाने थांबवायचं. आमच्यात एकच नियम आहे, जे म्हणताय ते कुठल्या वचनात आहे तिथे बोट ठेवा.

चौथ्या आठवड्यात नवीन काही शोधायचं नाही. प्रत्येकाने एकच प्रश्न वहीत लिहायचा, माझा म्हणाल तर 'मी कुठे राहून दमतेय आणि कुठे न राहताच दमतेय', आणि त्यावर आधी एकट्याने प्रार्थना, मग गटात ज्याला बोलावंसं वाटेल त्याने बोलायचं, कोणाला आग्रह नाही. एवढ्या दिवसांत उतारा तसाही पाठ झालेला असतो, मुद्दाम घोकावा लागत नाही.

अगदी पहिल्यांदा करत असाल तर लूक 19:1-10 घ्या, जक्कयची गोष्ट, दहाच वचनं आणि माणसं डोळ्यासमोर उभी राहतात, किंवा स्तोत्र 23, सहा वचनं. प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, सुरुवातीलाच नको. आणि वही जाड घ्या, समासात भरपूर जागा सोडून लिहा, कारण वर्षभराने त्याच पानावर परत याल तेव्हा लिहायला जागा लागते.