पाने पिवळी पडल्यास खताआधी काय तपासावे
कुंडीतल्या लिंबाची किंवा मोगऱ्याची पाने पिवळी पडू लागली, की बहुतेक जण लगेच खत घालतात. पण त्याआधी पिवळेपणा झाडाच्या कोणत्या भागापासून सुरू झाला आहे, हे पाहणे आवश्यक आहे. नत्र (नायट्रोजन) कमी पडले, की झाड जुन्या पानांतील नत्र नव्या फुटीकडे वळवते, त्यामुळे खालची पाने एकसारखी फिकट होतात. अशा वेळी चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत द्यावे. लोह मात्र जुन्या पानांतून सहज हलत नाही. म्हणून त्याच्या कमतरतेत शेंड्याची कोवळी पाने पिवळी, क्वचित पांढुरकी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या, जाळीसारख्या उठून दिसतात. चुनखडीयुक्त मातीत हे वारंवार आढळते, कारण मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. तेथे चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह) पाकिटावरील प्रमाणात, ऊन उतरल्यावर फवारावे.

तरीही माझ्या मते पहिली तपासणी पाण्याचीच असावी. बोट दोन इंच मातीत घालावे. माती चिकट ओली असेल आणि तिला कुबट वास येत असेल, तर मुळे बहुधा गुदमरली आहेत. पाणी थांबवून कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे करावे, आणि मुळे तपकिरी व लिबलिबीत झालेली आढळल्यास तेवढीच कापून झाड भुसभुशीत मातीत पुन्हा लावावे. अशा झाडाला नवी फूट येईपर्यंत कोणतेही खत देऊ नये.