२६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी: आठवीच्या वर्गाची तयारी

आठवीच्या मुलांना २६ जानेवारीच्या ग्रामसभेला न्यायचं असेल, तर डिसेंबरातच कामाला लागा. नोव्हेंबरात कापूस वेचणीमुळे आपल्या खान्देशातले कित्येक वर्ग अर्धे रिकामे असतात. पोरं परत बाकांवर दिसू लागली की सुरुवात करायची. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात, पण पहिल्यांदा मुलांना न्यायला जानेवारीचीच बरी. १ मेला आपल्याकडचं ऊन लहान मुलांना सोसवत नाही आणि १५ ऑगस्टपर्यंत वर्गाची घडी नीट बसलेली नसते.

सगळ्यात जास्त वेळ प्रश्न शोधायला द्या. पहिल्या वर्षी मी मुलांना नुसतंच घेऊन गेलो होतो. हारतुरे झाले, भाषण झालं, फोटो निघाला, बिस्किटं वाटली. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, काय पाहिलंत? एक मुलगी म्हणाली, भिंतीवर खूप फोटो होते. तिने जे पाहिलं तेच सांगितलं. शोधायला काही बरोबर घेऊन जायचं असतं, हे मीच तिला शिकवलं नव्हतं. तेव्हापासून प्रश्न ठरल्याशिवाय मी वर्गाला उंबऱ्याबाहेर काढत नाही.

‘गावाचा विकास झाला पाहिजे’ हा प्रश्न नव्हे. ‘मारुतीच्या पारापासून शाळेपर्यंत किती खांबांवर दिवा लागत नाही?’ हा प्रश्न. असे पाच-सहा प्रश्न फळ्यावर येऊ द्या, मग मुलांनीच चिठ्ठ्या टाकून एक निवडू दे. निवडलेला प्रश्न मोजायचा. दिव्यांचा असेल तर संध्याकाळी घरच्या मोठ्या माणसाबरोबर फिरून खांब मोजायचे, नकाशा काढायचा, बंद खांबांवर फुली मारायची. नळाचा असेल तर सलग सात दिवस पाणी किती वाजता आलं आणि कधी गेलं हे प्रत्येक गल्लीतल्या एकाने लिहायचं. गटारीचा असेल तर टेप घ्या. सात दिवसांचा तक्ता समोर ठेवला की सभेतली मोठी माणसंही वाकून बघतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मोजणी झाल्यावर ते काम कोणाचं हे शोधायला लावा. इथे मोठेही चुकतात. गावदिव्याचा बल्ब ग्रामपंचायतीकडे, पण विजेची लाईन महावितरणची. रेशन दुकानाची तक्रार तहसीलच्या पुरवठा शाखेत. सातबारा तलाठ्याकडे (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे). तलाठ्याकडचा गाव नमुना ८-अ वेगळा आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ वेगळा: पहिल्यात जमिनीचं खातं, दुसऱ्यात घराची कर आकारणी. मुलांना घरून घरपट्टीची पावती आणायला सांगा. बापाच्या नावाची पावती हातात धरून नमुना ८ समजून घेणारं पोर तो परत विसरत नाही. फक्त थकबाकी असलेल्या घरांची वर्गात वाच्यता होणार नाही, ही काळजी तुमची.

पैशाचा भाग सोपा करून सांगा, पण वगळू नका. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर आपल्या पंचायतीचा आराखडा आणि खर्च कोणालाही बघता येतो. शाळेच्या संगणकावर उघडा, नेट चालत नसेल तर आदल्या दिवशी मोबाईलवर पानं उतरवून ठेवा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत (२०२१ ते २०२६) ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेली होती, उरलेली अबंधित, म्हणजे पंचायतीने गरजेप्रमाणे वापरायची. गटारीचा प्रश्न आणि दिव्याचा प्रश्न वेगवेगळ्या पिशवीतून का सुटतात, हे मुलांना इथे उमगतं.

पांझरेकाठी साक्री-धुळ्याकडे शाळा असेल तर एक सकाळ फडावर घालवा. बंधाऱ्याचं पाणी पाळीने वाटून घ्यायची फड पद्धत तिथल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं स्वतः चालवली. पाटकरी पाणी देणार, जागल्या राखण करणार, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, सगळ्यांचं पीक एकच, आणि पाणी कमी पडलं तर कोणता फड पडीक ठेवायचा हे सगळे मिळून ठरवणार. म्हाताऱ्या पाटकऱ्याला बोलतं करा. नागरिकशास्त्राचा इतका चांगला धडा माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्यानंतर वर्गातच सभा घ्या, निदान दोनदा. अध्यक्ष, सचिव, सूचक, अनुमोदक ठरवा, प्रोसिडिंग (सभेचं इतिवृत्त) लिहायला चांगल्या अक्षराचा नको, नीट ऐकणारा निवडा. गणपूर्तीचं गणित फळ्यावर करा: मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी जे कमी. १८०० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे २७०, म्हणून १०० पुरतात. ५०० मतदारांच्या गावात ७५. तेवढी माणसं नसली तर सभा तहकूब. मग मुलं आपणहून विचारतात, आपल्या गावात खरंच १०० माणसं येतात का? उत्तर देऊ नका, २६ तारखेला मोजू द्या.

बोलण्याची भाषा मुलांचीच राहू दे. ‘आमनी गल्लीमा दिवा कव्हय लागी?’ असं विचारणाऱ्या पोराला मध्येच प्रमाण मराठीकडे वळवलं की ते गप्प होतं. अर्ज मराठीत लिहायचा, तोंडाने अहिराणीत मांडायचं. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी किंवा भिलीत. त्या भागातल्या शिक्षकांनी आणखी एक गोष्ट जोडावी. १९९६ च्या पेसा कायद्याने (आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा) तिथे पाड्याचीही स्वतःची ग्रामसभा होऊ शकते आणि तिचे अधिकार मोठे आहेत. आपला पाडा पेसात येतो का, त्याची सभा कुठे भरते, हे मुलांनी घरी विचारून यायचं.

आता व्यवस्था. सरपंच आणि ग्रामसेवकांना (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे) दोन आठवडे आधी लेखी पत्र द्या, पोच घ्या. ग्रामसेवकांकडे बहुतेक वेळा एकाहून जास्त गावं असतात, म्हणून भेटायला बाजाराचा दिवस टाळून त्यांच्या सोयीचा वार विचारा. नोटीस सात दिवस आधी निघते. ती फलकावरून मुलांनी वहीत उतरवून घ्यायची.

एक गोष्ट विसरलात तर सगळी मेहनत वाया जाते. ग्रामसभेचे सदस्य गावचे मतदार, मुलं नव्हेत. मुलं अध्यक्षांच्या परवानगीने बोलतील, पण विषय मांडायला आणि अनुमोदन द्यायला दोन मतदार लागतात. ते आधी तयार ठेवा, आणि शक्यतो आयाच असू देत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते; तिथे विषय आला तर मोठ्या सभेत तो सहज टाळता येत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आईने तक्ता हातात घेऊन बोलायचं कबूल केलं आणि त्या रात्री मुलाने तिला तो तीनदा समजावून सांगितला.

सभेच्या दिवशी झेंडावंदन आटोपलं की थेट जायचं. वह्या, तक्त्याच्या दोन प्रती, पाण्याच्या बाटल्या, एवढंच सामान. मुलं १५-२० पेक्षा जास्त नकोत, बाकीच्यांना वर्गात सभेचा वृत्तांत ऐकवायचा. कोणत्याही पक्षाच्या माणसाने मुलांना पुढे करून फोटो काढायला सुरुवात केली, तर नम्रपणे मुलांना मागे घ्या.

सभा संपल्यावर आठवडाभरात प्रोसिडिंगमध्ये ठराव कसा लिहिला गेला ते बघून या, क्रमांक वहीत टिपा. मार्चअखेर दिव्यांची पुन्हा मोजणी करा, त्याच नकाशावर, वेगळ्या रंगाने. वही पुढच्या आठवीच्या हाती द्यायची आहे, म्हणून कव्हर घालून ठेवा. १ मेला झेंड्याला मुलं येतातच. त्या दिवशी ऊन चढायच्या आत दोघा-तिघांनी वही घेऊन सभेत जायचं आणि जानेवारीतल्या ठरावाचं काय झालं ते विचारायचं.