हातमाग शिकताना या चुका टाळा: आत ओढले जाणारे काठ आणि तुटणारा ताणा

कापड विणताना बिघडते असे नवशिक्याला वाटते. प्रत्यक्षात बहुतेक दोष धोटा (आडवा धागा पलीकडे नेणारे साधन) हाती घेण्यापूर्वी, ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे मांडतानाच शिरलेले असतात. एकेरी बारीक सुताने सुरुवात करणे ही त्यांपैकी पहिली चूक. अशा सुताला नीट खळ दिलेली नसेल, तर फणीच्या, म्हणजे ताण्याचे धागे सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या दातेरी चौकटीच्या, घर्षणाने ते पिंजते आणि तुटते. २/१० नंबरचे, म्हणजे १० नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेले सुती सूत हे घर्षण सोसते. त्यासाठी २४ नंबरची, म्हणजे दोन इंचांत २४ घरे (दातांमधल्या फटी) असलेली फणी घेऊन प्रत्येक घरात दोन धागे ओवले, की इंचाला २४ धागे बसतात आणि १२ इंच पन्ह्याला २८८ धागे लागतात.

हील्ड म्हणजे ताण्याचे धागे वर-खाली करणारी, डोळे असलेली चौकट. साध्या विणीत एक धागा पुढच्या हील्डमध्ये आणि दुसरा मागच्या हील्डमध्ये, असा क्रम असतो. शेजारचे दोन धागे एकाच हील्डमध्ये गेले, तर ते जोडीने वर-खाली होतात आणि कापडात शेवटपर्यंत उभी रेघ दिसत राहते. म्हणून दर इंचाला धागे मोजावेत. चूक तेव्हाच सापडली, तर थोडेच धागे उसवावे लागतात. ताणा बांधून झाल्यावर त्यावरून उघडा तळवा फिरवावा. सैल पुंजका डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला लगेच कळतो.

सर्वांत जास्त त्रास देतात ते काठ. मी विणलेला पहिला पंचा १२ इंचांनी सुरू होऊन वीतभरातच साडेदहा इंचांवर आला होता, आणि काठ सरळ यावेत म्हणून मी बाणा, म्हणजे आडवा धागा, अधिकच खेचत होते. वस्तुतः तेच चुकत होते. बाण्याला ताण्याच्या धाग्यांवरून-खालून जायचे असल्यामुळे त्याला पन्ह्यापेक्षा थोडी अधिक लांबी लागते. ती मिळाली नाही तर तो काठांना आत ओढतो, काठाचे धागे फणीच्या दातांवर तिरपे घासतात आणि सर्वांत आधी तेच तुटतात. उपाय असा, की धोटा पलीकडे गेल्यावर काठाशी बाणा अलगद टेकवावा, मधला भाग कमानीसारखा किंवा तिरका सोडावा आणि मगच फणीचा ठोका द्यावा. काठाबाहेर दोऱ्याचे फासे दिसू लागले, तर सैलपणा जास्त झाला असे समजावे. दर चार इंचांनी पन्हा मोजावा. अर्धा इंच कमी भरला तरी चिंता नको.

ठोका कधी जड, कधी हलका पडला, तर कापडात दाट-विरळ पट्टे उमटतात. विणलेली कड फणीच्या फार जवळ येऊ देणे हे त्याचे नेहमीचे कारण असते, म्हणून दोन-तीन इंच विणले की कापड गुंडाळून घ्यावे.

ताण्याचा धागा तुटला, तर जुनी टोके ओढून तिथेच गाठ मारू नये, कारण त्याने धागा आखूड होऊन ताठरतो. त्याच सुताचा मीटरभर तुकडा मागच्या टोकाला जोडून हील्डच्या त्याच डोळ्यातून व फणीच्या त्याच घरातून पुढे आणावा, विणलेल्या कापडात टाचणी खोचून तिला तो आठच्या आकड्यात गुंडाळावा आणि शेजारच्या धाग्यांइतकाच ताण द्यावा. लोंबणारी टोके कापड मागावरून उतरल्यावर सुईने आत ओवता येतात.