माझर्न म्हणजे गोवर, रोटेल्न म्हणजे गोवर नव्हे

मुलाबाळांसह जर्मनीत येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारते: लसीकरणाचं मूळ कार्ड सोबत आहे ना? घर, बँक, पत्त्याची नोंदणी यांबद्दल सांगणारे इथे पुष्कळ भेटतील. गोवराबद्दल कुणी सांगत नाही, आणि माझं नुकसान नेमकं तिथेच झालं.

कीटाच्या, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीच्या अर्जासोबत मला मुलीच्या कार्डाचं जर्मन भाषांतर द्यायचं होतं. नऊ महिन्यांची असताना एक आणि सोळाव्या महिन्यात एक, असे तिचे एमआर, म्हणजे मीझल्स (गोवर) आणि रुबेलाच्या लशीचे दोन्ही डोस वेळेवर झाले होते. मी घाईघाईत फोनवर ‘जर्मन मीझल्स’ असं टाइप केलं. मला हवा होता मीझल्सचा जर्मन शब्द. पण इंग्रजीत ‘जर्मन मीझल्स’ हा वेगळाच आजार आहे, रुबेला. फोनने त्याचा जर्मन शब्द दिला, रोटेल्न. मी मीझल्सच्या जागी रोटेल्न लिहिलं आणि रुबेला तसंच ठेवलं. कागदावर एकच रोग दोन नावांनी आला आणि गोवर कुठेच उरला नाही. डॉक्टरांची वेळ मिळून नोंद दुरुस्त होईपर्यंत तीन आठवडे गेले. तोवर जागा दुसऱ्या मुलाला मिळाली होती. पुढची जागा सात महिन्यांनी मिळाली, आणि ते सात महिने मी बिनपगारी घरी होते.

तेव्हा पाठच करा: गोवर म्हणजे माझर्न. १ मार्च २०२० पासून इथे गोवरापासून संरक्षणाचा कायदा आहे. कीटात जाणाऱ्या मुलाला एक वर्ष पूर्ण झाल्यावर किमान एक आणि दोन वर्षं पूर्ण झाल्यावर दोन डोस झाल्याचा पुरावा लागतो. तो नसेल तर कीटा प्रवेश देत नाही. शाळा सक्तीची असल्याने शाळेतून मुलाला परत पाठवत नाहीत, पण पालकांना २,५०० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. आपली माणसं याला ‘जर्मन कागदी घोडे’ म्हणतात. मला ते पटत नाही. समोरची बाई कागदावर जे लिहिलंय ते वाचते, अंदाज बांधत नाही, आणि लहान मुलांच्या बाबतीत तिने बांधूही नये.

एमआरमधला एम गोवराचा, गालगुंडाचा नाही. इथली लस एमएमआर, तिच्यात दुसरा एम गालगुंडाचा, म्हणजे मुम्प्सचा. हे माहीत नसलेली माणसं ‘आमचा गोवर राहिलाय का’ म्हणून उगाच घाबरतात. स्वतः भाषांतर करत बसू नका. मूळ कार्ड बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि जुने डोस पिवळ्या इम्पफपासमध्ये, म्हणजे इथल्या लसीकरणाच्या पुस्तिकेत, चढवून मागा.

रोटेल्न हा शब्द रोट, म्हणजे लाल, यावरून आलाय. अठराव्या शतकात जर्मन डॉक्टरांनी हा आजार गोवरापासून वेगळा ओळखला, म्हणून इंग्रजीत तो ‘जर्मन’ झाला. मुलांना तो सौम्य असतो. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत मात्र बाळाचे डोळे, कान, हृदय यांना इजा करतो. रिंगलरोटेल्न हा तिसराच आजार. त्याचा विषाणू वेगळा आणि त्यावर लस नाही. कीटाच्या दारावर त्याची चिठ्ठी लागली की आपल्या ग्रुपवर ‘रुबेला आला, पण लस झालीय, काळजी नको’ असं फिरतं. घरात कुणी गरोदर असेल तर काळजी हवीच, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. कांजिण्या म्हणजे विंटपोकन. नुसतं पोकन म्हणजे देवी, त्या १९८० सालीच जगातून गेल्याचं जाहीर झालंय. अर्जावर ‘झाल्या होत्या’ म्हणून लिहू नका.

ताप, खोकला, लाल डोळे आणि मग चेहऱ्यावरून खाली उतरणारं पुरळ दिसलं तर दवाखान्यात थेट जाऊ नका. आधी फोन करा आणि ‘फरडाख्ट आउफ माझर्न’, गोवराचा संशय, एवढं म्हणा. रोगी निघून गेल्यावरही गोवराचा विषाणू खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो आणि बाहेर तान्ही बाळं बसलेली असतात. ‘उष्णतेचं असेल’ म्हणून पोराला वाढदिवसाला घेऊन जाणारे आपल्यातलेच पाहिलेत. कृपा करून तसं करू नका.

मोठ्यांचंही सांगते. १९७० नंतर जन्मलेल्यांना कीटात, शाळेत किंवा रुग्णालयात काम करायचं असेल तर हाच पुरावा लागतो. आईला फोन केला तर ती म्हणणार, ‘तुला गोवर-कांजिण्या सगळं झालंय.’ त्यावर भागत नाही. एक तर डोसांची नोंद दाखवा, नाही तर रक्ततपासणी करून डॉक्टरांचा दाखला घ्या. ही तपासणी भारतातून करून आणणार असाल तर अहवाल नीट वाचा. तिकडच्या प्रयोगशाळा गोवराला ‘रुबिओला’ लिहितात आणि जर्मन वाचणारा त्याचा अर्थ रोटेल्न लावू शकतो. शेजारी ‘मीझल्स’ छापून घ्या, मगच विमानात बसा.