महाविद्यालयीन महिला हॉकीत खिलाडूवृत्ती आणि नेतृत्व कसे ओळखावे

मुंबईतील महाविद्यालयाच्या महिला हॉकी संघात खिलाडूवृत्तीचा पुरस्कार कोणाला द्यावा हे ठरवताना, सर्वांत अबोल मुलीचे नाव पुढे करण्याचा मोह टाळावा. बर्फावरील हॉकीत १९२५ पासून दिला जाणारा लेडी बिंग करंडक सभ्य वर्तनाबरोबर उच्च दर्जाचा खेळही मागतो. तीच कसोटी चर्चगेटच्या टर्फवरही लावावी.

मैदानी हॉकीत नियमभंगासाठी मिळणारे हिरवे कार्ड म्हणजे दोन मिनिटे बाहेर, पिवळे म्हणजे किमान पाच. परंतु केवळ कार्डांची बेरीज फसवी ठरते, कारण बचावफळीतील खेळाडूला अधिक धोका पत्करावा लागतो, तर राखीव खेळाडूवर ती वेळ क्वचितच येते. म्हणून कार्ड मिळाल्यानंतरचे वर्तन पाहावे: ती पंचांशी हुज्जत घालते, की निमूटपणे बाहेर जाऊन परतल्यावर तितक्याच जोमाने, पण स्टिक आवरून खेळते? पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला हात देणे चांगलेच; चेंडू आपल्याच पायाला लागल्याचे, म्हणजे नियमभंग ठरू शकणारी गोष्ट, आपणहून कबूल करणे त्याहून दुर्मीळ.

नेतृत्व शोधताना कर्णधारापाशी थांबू नये. बर्फावरील हॉकीत कर्णधाराच्या जर्सीवर ‘सी’ आणि सहायक कर्णधारांच्या जर्सीवर ‘ए’ हे इंग्रजी अक्षर असते, म्हणजे जबाबदारी उघडपणे वाटलेली असते. आपल्याकडे विरार-कल्याणहून पहाटेची लोकल पकडून येणाऱ्या नव्या मुलींना कोण सामावून घेते, हे प्रशिक्षकांपेक्षा सहखेळाडूंनाच अधिक ठाऊक असते. त्यामुळे गुप्त मतदान घ्यावे, प्रत्येक मतासोबत एक प्रत्यक्ष प्रसंग लिहून मागावा आणि शक्य असल्यास प्रतिस्पर्धी संघांनाही विचारावे.